एक्केचाळीस नंबरची कोरी ओळ

गेल्या आठवड्यात तुमच्या गावी वादळ झालं आणि तुमचा फोन दोन दिवस लागला नाही. त्या दोन दिवसांत मी इथे परभणीत बसून काय काय केलं, ते तुम्हाला सांगणार नव्हते. पण तिसऱ्या दिवशी पडद्यावर तुम्ही दोघं दिसलात, तोंडात घास, केस विस्कटलेले, आणि माझा चेहरा बघून तुमची आई म्हणाली, "आई, तू पुन्हा मास्तरकाकांना विसरलीस." त्यावर धाकटीने विचारलं, "हू इज मास्तरकाका?"

हा मजकूर त्या प्रश्नाचं उत्तर आहे. मराठीत लिहिते आहे, आई वाचून दाखवील. इंग्रजी मला येतं, चौतीस वर्षं तेच शिकवलं. पण मास्तरकाका इंग्रजीत लिहिले की भलतेच कुणी होतात. मी करून पाहिलं.

ते आमचे सेलूचे घरमालक. रेल्वेत स्टेशनमास्तर होते. शेवटची नेमणूक सेलूची, तिथेच निवृत्त झाले आणि रुळांपासून पाच मिनिटांवर घर बांधून राहिले. मी सेलूला मुलींच्या शाळेत होते, तुमचे आजोबा रोज गाडीने परभणीला नोकरीला जायचे, आणि मास्तरकाकांच्या वरच्या दोन खोल्यांत आम्ही अकरा वर्षं भाड्याने राहिलो. अंगाने उंच, थोडे वाकलेले. भुवयांच्या मध्ये कायम एक आठी, लांबून येणारी गाडी आपली की दुसऱ्या कुणाची ते न्याहाळावं तशी. रेल्वेची पांढरी पॅन्ट त्यांनी निवृत्तीनंतरही सोडली नाही, फक्त बटणं बदलली.

त्यांना इंग्रजीतलं एकच क्रियापद भेटलं होतं असं म्हटलं तरी चालेल: रन. गाडी रन होते, लेट रन होते. ड्रायव्हर आणि गार्ड म्हणजे रनिंग स्टाफ, ते आडवे होतात ती रनिंग रूम. स्टेशनात न थांबता गेली तर रन थ्रू.

"बाई, पस्तीस वर्षं मी एका शब्दाची नोकरी केली," ते मला म्हणाले होते. "आता पाहायलोय, हा गडी रेल्वेच्या बाहेर काय काय धंदे करतो."

त्यासाठी त्यांच्याकडे एक रजिस्टर होतं. रद्दीत निघालेलं, गाड्यांच्या नोंदीचं, हाताच्या बोटाएवढं जाड. छापील रकान्यांवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात नवी नावं लिहिली होती: क्रमांक, अर्थ, कुठे पाहिला, साक्षीदाराची सही. शेवटचा छापील रकाना 'शेरा' तसाच ठेवला होता, आणि तो पहिल्या पानापासून रिकामा होता.

मी नीटनेटकी बाई. माझ्या कपाटाच्या प्रत्येक फळीवर आत काय आहे त्याची चिठ्ठी असते, तुम्हाला माहीत आहे. पहिल्या दिवाळीला मी त्यांना भेट म्हणून जाड शब्दकोशातून रनचे ऐंशी उपयोग स्वच्छ अक्षरात उतरवून दिले. समास सोडून, लाल शाईने अधोरेखित करून. त्यांनी ते कागद दोन्ही हातांत घेऊन शेवटपर्यंत वाचले आणि परत माझ्या हातात ठेवले.

"लय मेहनत घेतली तुमी. पण ह्यातलं मी काय पाह्यलंय?"

चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, वर येऊन वाटीभर शेंगदाण्याची चटणी दिली आणि म्हणाल्या, "त्यांचा राग नका धरू, बाई. माझं लग्न झाल्याचं तरी त्यांना पटलंय का, कोण जाणे. त्या रजिस्टरात न्हाई ते."

नियम असा होता. तो अर्थ सेलूत, स्वतःच्या डोळ्यांनी घडताना दिसला पाहिजे. शेजारी दुसरं कुणीतरी माणूस हवं, त्याने सही करायची. सही येत नसेल तर अंगठा. मग नंबर पडायचा.

काकूंच्या तांबड्या लुगड्याचा रंग त्यांच्या पांढऱ्या पॅन्टला लागला, तेव्हा घरात आरडाओरडा होण्याऐवजी मास्तरकाका ओली पॅन्ट हातात धरून रजिस्टराकडे धावले. कलर रन झाला. काकूंनी सही करायला साफ नकार दिला. "माझ्याच विरुद्ध मीच साक्ष देऊ का?" शेवटी धुणंवाल्या बाईचा अंगठा घेतला. नळाला रन म्हणतात ते पाहायला ते हौदाजवळ खुर्ची टाकून बसले. आमच्याकडे पाणी चार दिवसांनी यायचं. चौथ्या दिवशी ते दाढीला आत गेले आणि तेवढ्यात येऊन गेलं. पुढच्या फेरीला सापडलं, तेव्हा 'कुठे पाहिला' या रकान्यात त्यांनी लिहिलं, "आमच्या गल्लीत. क्वचित." समोरचे शेठ नगरपालिकेला उभे राहिले आणि पडले. रन फॉर या अर्थाला साक्षीदार म्हणून शेठचीच सही मागायला मास्तरकाका गेले ते नेमके निकालाच्या संध्याकाळी. शेठने सही केली, पण पुढे वर्षभर त्यांना पाहिलं की रस्ता बदलायचे. बसस्टँडवर चाळीस वर्षांनी शाळासोबती अचानक भेटला, म्हणजे रन इंटू, तेव्हा गळ्यात पडायच्या आधी त्याला म्हणाले, "जरा दम खा, सही पायजे."

इन द लाँग रन, म्हणजे लांबचा काळ गेल्यावर शेवटी, हा अर्थ मात्र पेन्सिलीने एका कोपऱ्यात होता. त्याला नंबर नव्हता. पुढे लिहिलं होतं, "अजून पाहिला नाही."

तुमची आई तेव्हा आठवीत. ती या रजिस्टराची भक्त होती. शाळेतून येताना काहीतरी पकडून आणायची. "मास्तरकाका, किराणा दुकानात साखर संपली, रन आउट!" ते चष्म्यावरून पाहायचे. "साक्षीदार?" तिच्याकडे साक्षीदार कधीच नसायचा. "मग अफवा हाय ती." ती पाय आपटत वर यायची. त्या रजिस्टरात एकदा तरी आपली सही पडावी, ही तिची त्या वर्षीची सगळ्यात मोठी इच्छा होती.

एका पावसाळ्यात तिला ताप भरला. दुपारी मास्तरकाका दारात येऊन उभे राहिले, हात मागे. "बाई, राग न्हाई ना? पोरीला ताप हाय. त्यालाबी रनच म्हणत्यात..." मी इतकी चिडले की दार लावणार होते. पण त्यांच्या हातात रजिस्टर नव्हतं, थर्मामीटर होतं. दोन दुपारी ते तिच्या उशाशी बसून दस्ती ओली करून कपाळावर ठेवत राहिले. नोंद केली ती तिसऱ्या दिवशी, ताप उतरल्यावर. मी विचारलं, "तेव्हाच का नाही लिहिलं?"

"चालू असलेलं लिहू न्हाई, बाई. लिहिलं की माणूस ते झालंच म्हणून बसतो."

त्यांच्या तोंडचं हे वाक्य मला तेव्हा विक्षिप्तपणाचंच वाटलं.

एकशे चार नंबरला साक्षीदार म्हणून माझी सही आहे. रन इन द फॅमिली, म्हणजे घराण्यात चालत येणं. 'कुठे पाहिला'मध्ये त्यांनी लिहिलं आहे, "वरच्या मजल्यावर. काळजी. बाईंच्या आई, बाई, बाईंची मुलगी." वाचून मी हसले आणि सही केली. खोटं काही नव्हतं. तुमचे आजोबा गाडीने यायचे, आणि गाडी दहा मिनिटं लेट झाली की मी खिडकीत. माझी आई मुक्कामाला असली की ती दुसऱ्या खिडकीत.

आणि खाली ओसरीवर मास्तरकाका. ही गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. मी काळजीखोर होतेच, पण गाड्यांच्या बाबतीत ते माझ्यापेक्षा वाईट होते. शिट्टी ऐकली की हातातला कप खाली. आवाजावरून गाडी ओळखायचे, घड्याळ पाहायचे, "अठरा मिनिटं लेट" असं पुटपुटायचे, आणि ती सेलू सोडून पुढे गेल्याचा आवाज येईपर्यंत कप उचलत नसत. चहा रोज गार. इतकं असूनही निवृत्तीच्या दिवसापासून त्यांनी स्टेशनात पाय ठेवला नव्हता. परभणीला जायचं झालं तर एसटीने जायचे, उभं राहून. रूळ ओलांडायची वेळ आली तर फाटकातून, मान खाली घालून.

रजिस्टरात चाळीसनंतर एक्केचाळीस हा आकडा होता आणि पुढे काहीच नव्हतं. पूर्ण ओळ कोरी. मग बेचाळीस. माझ्यासारख्या बाईला अशी ओळ खुपते. एकदा मी न राहवून म्हणाले, "काका, इथे काहीतरी राहून गेलंय."

त्यांनी रजिस्टर मिटलं. "ती लाइन ब्लॉक हाय, बाई," म्हणाले आणि आत गेले.

काकूंनी सांगितलं, तुरीच्या शेंगा सोलता सोलता, मान वर न करता. "त्या ओळीचं नका विचारू. ते एका बारक्या स्टेशनावर होते, आमचं लग्न होऊन चार वर्षं झाली असतील. मालगाडीच्या ड्रायव्हरनं येऊन सांगितलं, अर्ध्या मैलावर माणूस गाडीखाली आला, रन ओव्हर झाला. रेल्वेचा नियम तुमाला ठावं न्हाई. माणूस जखमी असला तर त्याच गाडीत घालून दवाखान्याच्या गावाला न्यायचा. मेलेला असला तर पोलिस येईस्तोवर जागचा हलवायचा न्हाई. ह्यांनी विचारलं, मेला का? ड्रायव्हर म्हणला, मेलाच असंल. ह्यांनी लिहिला कागद, रन ओव्हर, पोलिसला दिला धाडून. मागून मेल यायची होती, मालगाडी सोडून दिली. पोलिस आले दोन घंट्यानं." त्यांनी सोललेले दाणे एका बाजूला केले. "तो जित्ता होता, बाई. पोलिस आले तवा पाणी मागायलता. मग नेला, पण वाटंत गेला."

मी म्हणाले, "पण स्टेशनमास्तरला स्टेशन सोडून जाता येत नाही ना?"

"न्हाई येत. चौकशीतबी सुटले. पण रुळांचे सांधे बदलणारा माणूस बसून होता तिथं. त्याला पाहायला धाडता आलं असतं. त्येवढंच." आणि काकू शेंगा सोलत राहिल्या.

त्यानंतर मी कधी त्या ओळीकडे बोट केलं नाही.

आता तो जानेवारी. कापसाचा हंगाम होता, जिनिंगचा पांढरा भुगा हवेत उडून आमच्या खिडकीच्या जाळीला चिकटायचा. तुमच्या आईची गणिताची शिकवणी रुळांच्या पलीकडे होती. यायचा रस्ता फाटकाचा, लांबचा. पण गाडीसाठी फाटक पडलं की मुली पुढे जाऊन पायवाटेने रूळ ओलांडायच्या, हे मला ठाऊक होतं आणि मी तिला तीनदा शपथ घातली होती. पाच वाजता ती घरी असायची.

सव्वापाच झाले. मी खिडकीत. खाली मास्तरकाका ओसरीवर, कप खाली ठेवलेला. मालगाडीची शिट्टी झाली, लांबलचक, मग पुन्हा, मग पुन्हा. मग चाकं घासल्याचा आवाज आणि शांतता.

"हिला तिथं थांबायचं कारण न्हाई," मास्तरकाका म्हणाले. कुणाला, ते माहीत नाही.

मी जिना उतरून खाली आले. पाच-सात मिनिटांत गल्लीच्या तोंडाशी गलका झाला. भाजीवाली डोक्यावरची पाटी न उतरवता सांगत होती, "पोरगी हाय म्हणायलेत. निळा स्कर्ट, दोन वेण्या. शिकवणीची पोरगी."

निळा स्कर्ट आमच्या शाळेचा. दोन वेण्या मी सकाळी घातल्या होत्या.

पुढचं मी तुम्हाला खरं सांगते, कारण ते न सांगता या माणसाचं चित्र पुरं होणार नाही. मी रडले नाही. मी ओरडले नाही. माझ्या डोक्यात यादी सुरू झाली. तुमच्या आजोबांना परभणीला निरोप कोण देईल. माझ्या आईला सांगायला कुणाला पाठवायचं. शाळेत कळवायचं. एक, दोन, तीन. समोरच्या शेठच्या बायकोने माझा खांदा धरला आणि रडत म्हणाली, "बाई, तुमी खाली बसा. आता काय करता, देवाच्या मनात..." आणि मी बसायला लागले होते. पायरीवर टेकतच होते.

"कुणी पाह्यलं?"

मास्तरकाकांचा आवाज. इतका मोठा मी कधी ऐकला नव्हता.

"भाजीवाली म्हणती..." शेठ सांगू लागले.

"तू पाह्यलं का?" त्यांनी भाजीवालीला विचारलं.

"मी न्हाई, फाटकावरचे म्हणायलेत..."

"शेठ, तुमी पाह्यलं?"

"कसं पाहणार मास्तर, मी तर दुकानात..."

"मग कुणाच्या पोरीसाठी रडायलाव? साक्षीदार कोण हाय?" ते चपला शोधत होते. एक सापडली, दुसरी ओसरीखाली गेली होती. त्यांनी सापडलेलीही सोडून दिली. "बाई, उठा. चला. पाह्यल्याबिगर काय बी न्हाई."

"मास्तर, बाईला कशाला न्यायलाव? बाईमाणसानं पाहायचं का ते?" मागून कुणीतरी म्हणालं.

"तेच पाहायचं," ते म्हणाले. वळलेही नाहीत.

आम्ही गेलो. ते पुढे, अनवाणी, मी मागे. फाटक, मग रुळांच्या कडेची खडी. खडीवर पाय पडला की ते 'हं' असा आवाज करायचे. माझ्या डोक्यात यादी चालूच होती, आणि मी ती थांबवू शकत नव्हते. सहा नंबरवर आले होते. मध्येच ते म्हणाले, "बाई, मनात काय बी लिहू नका." मी यादीविषयी चकार शब्द बोलले नव्हते.

मालगाडी सिग्नलपाशी उभी होती, शेपटाकडचा गार्डचा डबा आमच्या बाजूला. त्याच्याही अलीकडे पन्नास-साठ पावलांवर लोक गोल करून उभे. इतके लोक, आणि गोल केवढा मोठा! कुणी जवळ जात नव्हतं. तुम्हाला हे विचित्र वाटेल, पण आपल्याकडे तशी रीतच पडून गेली होती. अपघात झाला की पंचनामा होईपर्यंत हात लावायचा नाही. हात लावला तर केस आपल्यावर येते, साक्षीला फिरावं लागतं. म्हणून माणसं जमतात, हळहळतात आणि अंतर राखतात.

त्या मोठ्या गोलाच्या मध्ये, रुळाखालच्या चारीत, दोन मुली होत्या. एक आडवी. दुसरी तिच्याजवळ गुडघ्यावर बसलेली, तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून.

"ए पोरी, सोड म्हणलं ना हात! तुझ्यावर येईल सगळं!" गर्दीतून एक जण ओरडत होता. तो खूप वेळ ओरडत असावा, त्याचा घसा बसला होता.

बसलेली मुलगी म्हणजे तुमची आई.

मला तिच्यापर्यंत जाता आलं नाही. मी फक्त तिच्या वेण्या मोजल्या. दोन.

मास्तरकाका चारीत उतरले. आडवी पडलेली कालिंदा, तुमच्या आईच्या बाकावरची मैत्रीण. डोळे मिटलेले, कमरेखाली सगळं रक्त, एक पाय नको तिकडे वळलेला. मास्तरकाकांनी आपला गाल तिच्या नाकाजवळ नेला. मग त्यांनी तुमच्या आईला विचारलं, अगदी ओसरीवर विचारायचे त्याच आवाजात, "तू काय पाह्यलं?"

"ती श्वास घेतीय," तुमची आई म्हणाली. "मी सांगायलेय सगळ्यांना. कुणी ऐकत नाही. मगाशी तिनं माझा हात दाबला. दोनदा."

"मी बी पाह्यलं," मास्तरकाका म्हणाले. "झाले दोघं."

मग ते उभे राहिले आणि मी ज्यांना इतकी वर्षं ओळखत होते ते मास्तरकाका कुठे गेले, कोण जाणे. गार्ड कंदिलाच्या पेटीवर कागद ठेवून लिहीत होता. बिचारा त्याचं काम करत होता. लोकांनी त्याला सांगितलं होतं, संपलं.

"गार्डसाहेब, लिहिणं थांबवा. जखमी हाय. डब्यात घ्यायची."

"तुम्ही कोण?"

"स्टेशनमास्तर." ते निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती. "शेठ, धोतर सोडा." शेठ आमच्या मागोमाग आले होते, मला तेव्हाच कळलं. त्यांनी उपरणं सोडून दिलं आणि मग खरोखरच धोतरही, आत लांब चड्डी होती म्हणून बरं. त्याची झोळी झाली. ओरडून घसा बसलेला माणूस सगळ्यात आधी एक टोक धरायला आला. चौघांनी कालिंदाला डब्यात चढवलं. तुमच्या आईने हात सोडला नाही, म्हणून तिलाही चढवावं लागलं. ती आत जाताना मास्तरकाका मला म्हणाले, "बाई, तुमची पोरगी मी नेतोय. पाह्यलं ना तुमी?"

"पाहिलं," मी म्हणाले.

गाडी सेलूच्या फलाटाला लागली. तिथे जीप मिळाली, परभणीच्या दवाखान्यात साडेसातच्या आत पोचले. मास्तरकाका निवृत्तीनंतर पहिल्यांदा त्या फलाटावर उतरले, अनवाणी, रक्ताने भरलेल्या पांढऱ्या पॅन्टमध्ये. चहावाल्याने त्यांना ओळखलं नाही असं म्हणतात.

कालिंदा जगेल की नाही हे नऊ दिवस कळत नव्हतं. ते नऊ दिवस मी, मुक्कामाला आलेली माझी आई आणि मास्तरकाका, तिघं तीन ठिकाणी काळजी करत होतो. मास्तरकाका रोज एसटीने परभणीला जायचे, खाटेशेजारी उभं राहून पाहायचे आणि येऊन सांगायचे. दवाखान्यातून कुणी निरोप आणला, "आज बरी आहे" किंवा "आज काही खरं नाही," तर ऐकून घ्यायचे, पण धरायचे नाहीत. दहाव्या दिवशी आले आणि काकूंना म्हणाले, "तिनं मला विचारलं, तुमी कोण. चहा कर." तो चहा त्यांनी गरम प्याला. गाडी जात होती तरी.

कालिंदा दोन महिन्यांनी घरी आली, कुबडीवर. पाय वाचला, थोडा आखूड झाला. ती आमच्या ओसरीवर आली त्या दुपारी मास्तरकाकांनी रजिस्टर काढलं आणि बराच वेळ एका पानावर लिहीत राहिले. मग वर हाक मारली. तुमची आई धावत खाली गेली.

"साक्षीदार?" त्यांनी विचारलं.

"मी," ती म्हणाली. आणि तिने सही केली, आठवीतल्या मुलीची, नावाखाली दोन रेघा ओढून.

मास्तरकाका जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटची काही वर्षं ते रोज संध्याकाळी फलाटावर चहा प्यायला जायचे. रजिस्टर त्यांनी तुमच्या आईला दिलं. परदेशी जाताना तिच्या पेटीत ते मावलं नाही, म्हणून माझ्याकडे आहे, दुसऱ्या फळीवर, चिठ्ठी लावून. कालिंदा सेलूला बसस्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान चालवते. मागच्या वेळी गेले तेव्हा तिने मला तिच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका दिली. घरी आल्यावर मी इन द लाँग रनचा पेन्सिलीचा तो कोपरा काढून कितीतरी वेळ पाहिला, पण मास्तरकाकांच्या रजिस्टरात आपण लिहिणं बरं नव्हे.

आता गेल्या आठवड्याविषयी. फोन लागेना, तेव्हा मी यादी केली. या वेळी डोक्यात नाही, कागदावर. कुणाला कळवायचं, पासपोर्ट कुठे आहे, विमानाचं कुणाला विचारायचं. अकरा नंबर झाले होते. तुम्ही तेव्हा दिवे गेलेत म्हणून मेणबत्तीपाशी पत्ते खेळत होतात. तुमची आई रागावली ते बरोबर आहे. पडदा बंद झाल्यावर मी दुसऱ्या फळीवरून रजिस्टर काढलं. पान उघडायला लागलं नाही, ते आपोआप तिथेच उघडतं.

क्रमांक ४१. रन ओव्हर. अर्थ: गाडीची धडक बसणे. मेला असा अर्थ होत नाही. कुठे पाहिला: सेलू, सिग्नलच्या अलीकडे. साक्षीदार: तुमच्या आईची सही. आणि अख्ख्या रजिस्टरात एकदाच भरलेला शेवटचा रकाना. शेरा: जाऊन पाहावे.

मी पुन्हा यादी करणार नाही असं वचन तुम्हाला देत नाही. एकशे चार नंबरखाली माझीच सही आहे. पण एवढं करा. तुमच्या शेजारी जे राहतात, त्यांचा फोन नंबर मला पाठवून ठेवा. त्यांच्याही शेजारच्यांचा पाठवा. मी इतक्या लांबून येऊ शकत नाही, पण कुणालातरी तुमच्या दारापर्यंत पाठवू शकते.

आणि कुणी कधी तुमचं दार वाजवून म्हणालं, की परभणीहून एका म्हातारीने मला बघायला पाठवलंय, तर हसू नका. त्याला आत घ्या, चहा द्या, आणि मला फोन करून सांगायला सांगा की त्याने स्वतः पाहिलं.